‘हम’चा अनुवाद

फ्रिजवर चिठ्ठी, संत्र्याच्या चुंबकाखाली:
हम सराफ़ा जा रहे हैं।
गिरिराजचं अक्षर. घाईत शिरोरेषा राहून गेलेली.

रात्रीचे नऊ. खंडवा रोडवरून परतलेय,
पिशवीत प्रबंधाचं तिसरं प्रकरण,
समासात तांबवेकर सरांची लाल शाई:
‘वाक्य पलीकडे पोचतं, मान्य. परत येतं का?’

मी चपला न काढता उभी.
माझ्या भाषेत इथे दोन दारं आहेत.
आपण, म्हणजे वाचणारीसुद्धा आत.
आम्ही, म्हणजे ती, सासूबाई आणि लोकेश गेल्यावर
कडी लावून घेणारी.
त्याच्या भाषेत एकच दार, आणि ते नुसतं लोटलेलं.

तिला सांगता येत नाही असं नाही.
‘हम तीनों, तुम्हारे बिना’ लिहिता आलं असतं.
ताकद तेवढीच, श्वास जास्त लागतो.
पण फ्रिजवर इतका श्वास कोण खर्च करतं?

आणि माझी तरी कुठे सगळं पेलते?
लग्नाआधी दोन वर्षं तो मला तुम म्हणायचा.
रामबागेत घरी ते सांगायला गेले
तर तू फार जवळ पडलं, तुम्ही फार लांब.
अर्धा तास ऐकून घेऊन बाबा म्हणाले,
‘बरं, पण म्हणजे नेमकं काय म्हणतो?’

प्रकरणात मी एक गरीब भाषा घेतली आहे.
तिला फक्त पायाखालची जागा दिसते
आणि तिथून फुटणाऱ्या गल्ल्या.
‘पुढे कुठेतरी दिवा असेल.’
‘पुढे जाल तिथे दिवाच असेल.’
एवढंच बोलते, गच्चीवर चढून पाहत नाही.
नकाशाच्या भाषेत ती सगळीच्या सगळी उतरते,
काना-मात्रा न सांडता.
उलट मात्र होत नाही, कारण
राजवाड्याभोवती गोल गोल फिरणारा
आणि कधीच न संपणाऱ्या सरळ बोळातून चालणारा
तिच्यात एकच कहाणी सांगतात, शब्दाला शब्द.
दोघांत फरक आहे
हे म्हणायला तिच्याकडे वाक्यच नाही.

सहा वर्षं झाली लग्नाला.
उदाहरण मी फक्त सिद्धतेसाठी घेतलं होतं.

परवा सासूबाईंनी विचारलं, हमारे साथ अच्छा लगता है ना?
माझ्या मनात आलं: आवडत नाही असं नाही.
तोंडातून निघालं, हाँ.
दोन नकार वाटेत एकमेकांना खाऊन मोकळे.
एक तर्कशास्त्र असं खुशाल करू देतं.
दुसरं आहे, ते अडून बसतं:
‘आहे’ म्हणायचं तर आणून दाखव.
आणि गंमत अशी की पहिलं सबंध
या हट्टी दुसऱ्यात मावतं,
फक्त प्रत्येक होकाराला
दोन नकारांचा अंगरखा चढवून आत यावं लागतं.
थंडीच्या दिवसांत हे मला पटतं.

तर, त्या ‘हम’मध्ये मी होते किंवा नव्हते.
पहिल्या शास्त्रात हे आत्ताच खरं,
पुराव्याशिवाय, फ्रिजसमोर उभ्या उभ्या.
दुसरं विचारतं, दोनातलं कुठलं?
त्यासाठी रिक्षा करावी लागते.

सराफ्यात सोन्याची दुकानं बंद,
त्यांच्या ओट्यांवर तव्यांचा धूर.
बाकावर तिघं. गराडूच्या प्लेटी चार,
चौथीवर जिरावन नुकतंच भुरभुरलेलं.
लोकेश एकटा दोन खातो, हे आधीपासून गृहीत.
गिरिराज थोडा सरकला,
माझ्यासाठी, की मागून येणाऱ्या
कुल्फीवाल्याच्या हातगाडीसाठी.
‘आ गईं तुम,’ म्हणाला.
प्रश्न होता की नुसतं विधान,
तेवढ्या गलक्यात सूर कळला नाही.

मी बसले. प्लेट गरम होती.
कुणाची, हे दोन्ही भाषांत विचारता आलं असतं,
छोट्याशा वाक्यात.
लोकेश तिच्याकडे टक लावून पाहत होता.